पडद्याची मागची बाजू

माझं आणि सुनेचं रोजचं भांडण एकाच गोष्टीवरून आहे. कॉम्प्युटरचा ब्राइटनेस. मी लिहायला बसले की तो पार टोकाला नेऊन ठेवते, आणि ती जाता-येता वाकून कमी करते. "आई, अहो डोळे जातील तुमचे!" मी म्हणते, गेले तर माझे जातील, तुझे मागायला येणार नाही. ती तोंड वाकडं करून गेली की मी पुन्हा वाढवते. नगरला सावेडीच्या या फ्लॅटमध्ये भर दुपारी ट्यूब लावून बसणारी म्हातारी म्हणून शेजारीपाजारी मला हसतात. हसू देत. डोळे उजेडानं जात नसतात. अंधूक पडद्यापुढं बसलेली एक बाई मी पाहिली आहे, आणि तेव्हापासून मला अंधूक काही खपत नाही. सून म्हणाली, मग ते तरी लिहून काढा एकदाचं. म्हणून बसले.

ती बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणायची आणि ती मला धाकले. सातवी पास होऊन, लग्न करून मी मिरजगावजवळच्या आमच्या वस्तीवर आले, तेव्हा तिची एकुलती पोरगी नुकती सासरी गेली होती. त्या रिकाम्या जागी तिनं मला घेतलं. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की आक्का पाठ पुढं करायची आणि मी तिच्या आड लपायची. बाई अंगानं दणकट, बोलायला फटकळ, आणि पिक्चरची भयंकर वेडी.

बाजारतळावर तंबू यायचा. फिरता सिनेमा. संध्याकाळी भोंगा वाजायला लागला की आक्काच्या हाताला भाकरी थापायचा असला वेग यायचा की बघत राहावं. आत्याबाई म्हणायच्या, "आली बया अंगात!" आणि आक्का म्हणायची, "आली, आता उतारा तंबूतच पडायचा."

तंबूतली बसायची रीत आता कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही. मधोमध पडदा. पुढच्या अंगाला मशीन, आणि तिकडं गडीमाणसं. पडद्याच्या मागच्या अंगाला आम्ही बाया. बायामाणसांनी पुरुषांत बसायचं नाही, म्हणून आमच्यासाठी मागची बाजू. पडदा पातळ कापडाचा असल्यामुळं चित्र आमच्याकडंही उमटायचं, पण उलटं. आरशात दिसतं तसं. अक्षरं उलटी, आणि माणसं सगळी डावखुरी. हिरो डाव्या हातानं जेवायचा, डाव्या हातानं हिरॉइनीच्या कपाळी कुंकू लावायचा. आक्काला वर्षानुवर्षं वाटत होतं की मुंबईची माणसं असलीच अवलक्षणी. मी शाळा शिकलेली. उलटी अक्षरं बघितली आणि माझ्या ध्यानात आलं. तिला समजावून सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"म्हंजी ते गडी लोक सुलटं बघत्यात, आन् आपन तिकीट काढून उलटं?"

"व्हय आक्का."

"मंग एकदा तरी म्होरनं बघायचं धाकले. मरायच्या आत एकदा तरी सुलटं बघायचंच."

हे ती हसत म्हणाली होती. पण तिनं ते मनावर घेतलं होतं. कामात, दळणात, मधूनच म्हणायची, "म्होरनं लख्ख दिसत असंल न्हाई गं?" लख्ख दिसत होतंच. कारण आमच्या बाजूला उजेड कमी यायचा. त्याच्यावर तंबूवाल्यांचा एक इलाज होता: खेळ सुरू व्हायच्या आधी एक गडी बादली घेऊन यायचा आणि पडद्यावर सपासप पाणी मारायचा. कापड ओलं झालं की उजेड आरपार यायचा आणि आमच्याकडचं चित्र उजळायचं. अर्ध्यात वाळलं की पुन्हा पाणी. पुढच्या रांगेतल्या बायांच्या अंगावर शिंतोडे उडायचे आणि त्या त्याला शिव्या घालायच्या. तेवढीच करमणूक.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. त्याच्याबद्दल मी फार सांगत बसणार नाही. ज्यांनी भोगला त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी नाही भोगला त्यांना कामावर वाटायच्या त्या सुकडीची चव सांगून कळायची नाही. आम्ही दोघी जावा रस्त्याच्या कामावर जात होतो. मी खडी फोडायची, आक्का पाट्या वाहायची. आमच्या विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरावं लागे. असल्या दिवसांत तंबू कशाला येईल? पण आला. कामावरच्या माणसांच्या हातात हप्त्याला रोकडा पैसा पडत होता, आणि तो कुठं पडतो हे तंबूवाल्यांना आपल्याआधी कळतं. आम्हीही गेलो. दिवसभर उन्हात दगड फोडून संध्याकाळी पिक्चर बघायला जायचं! आज मलाच नवल वाटतं. पण दुसरं होतं काय आमच्यापाशी?

त्या साली पडद्यावर पाणी बंद झालं होतं. चित्र म्हणजे नुसत्या सावल्या. डोळे ताणून बघावं तेव्हा बाई कोण आणि बाप्या कोण ते कळायचं. आक्का माझ्या कानाशी सारखी, "धाकले, आता काय झालं? कोन आलं? रडती का हसती?" मी सांगत बसायची. माझाही पिक्चर बुडायचा. मी चिडायची, ती म्हणायची, "काय करू गं, दिसतच न्हाई मेलं." कुणालाच धड दिसत नव्हतं, त्यामुळं तिच्या बोलण्याचं कुणालाही काही वाटलं नाही. मलाही नाही.

आता सांगते, तिच्या खुणा घरातसुद्धा दिसत होत्या. कंदिलाची वात ती सारखी वर करायची. काच काळी ठिक्कर व्हायची आणि सकाळी राखेनं घासून माझे हात भरायचे. आत्याबाई ओरडायच्या, "रॉकेल काय तुझ्या बापानं धाडलंय का गं?" आक्का वात खाली करायची आणि त्यांची पाठ वळली की पुन्हा वर. तिच्या हातच्या डाळीत खडे निघायला लागले होते. कामावर ती रिकामी पाटी घेऊन येताना बाजूच्या माणसाला धडकायची आणि बाया म्हणायच्या, "आली गं, वळू आली, सरका!" तीही हसायची. आणि तंबूतून घरी येताना ती माझा पदर मुठीत धरून चालायची. मला वाटायचं, माया. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला सांगू? थोरली असून लेकरासारखी पदर धरून चालते म्हणून मी सगळ्या बायांना कौतुकानं सांगायची.

तर तिच्या त्या रोजच्या टुमण्याला कंटाळून एका संध्याकाळी मी तरातरा मशीनवाल्याकडं गेले. त्याला म्हटलं, "तिकीट घेता ना आमच्याकडनं? मंग उजेड वाढवा." तो बिचारा बरा होता. त्यानं मशीनमधल्या जळत्या कार्बनच्या कांड्या पुढं सरकवून उजेड वाढवूनही दाखवला. लगेच गड्यांच्या बाजूनं बोंब उठली. त्यांच्याकडं सगळं पांढरंफटक पडलं. कुणीतरी ओरडलं, "आरं, हिरॉइनीला चुना लावला का काय!" त्यानं उजेड पुन्हा कमी केला आणि मला म्हणाला, "ताई, तुमच्याकडं दिसावं म्हनून वाढवलं तर ह्यांच्याकडं दिसत न्हाई. पानी मारल्याबिगर इलाज न्हाई."

तंबूचा मालक गल्ल्यावर बसला होता. मफलरवाला जाडगेला माणूस. मी पाण्याचं नाव काढताच तो भडकला.

"बाई, प्यायला पानी न्हाई आन् तुमी पडद्याला पाजायला निघाला?"

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, "आमी आमचं पानी आनू. मारनार का?"

"आना की. मारतो."

त्याला वाटलं असेल, कोण आणतंय. मी दुसऱ्या दिवशी कामावर सगळ्या बायांना गाठलं. एकेकीला म्हटलं, पुढच्या हप्त्याला प्रत्येकीनं आपल्या वाटणीचा एक तांब्या वाचवून आणायचा. निम्म्या मला वेड्यात काढू लागल्या. पण आक्का त्यांच्यात जाऊन बसली आणि म्हणाली, "एक दिवस तोंड न्हाई धुतलं तर काय राजवाडा जळतोय का गं तुमचा? एकदा धड बघू तरी." तिचं ऐकायच्या सगळ्या.

आणि आणलं की! त्या संध्याकाळी तंबूच्या दाराशी बाया पदराखाली तांबे झाकून आल्या. घरच्यांना चोरून आणल्यासारख्या. एकीच्या तांब्यात तर निम्मंच होतं, वाटेत पोराला पाजावं लागलं म्हणून ओशाळली होती. एकेकीनं आपला तांब्या निथळून बादलीत ओतला. आम्ही निघताना आत्याबाईंनी आक्काचा तांब्या बघितलाच होता. "पानी नासताय गं भवान्यांनो! देव बघतोय वरनं!" असं त्या वस्ती सोडेपर्यंत ओरडत होत्या. आक्का दारातून म्हणाली, "बघू द्या. त्याला तरी दिसतंय."

तंबूवाल्या गड्यानं बादली उचलली आणि पाणी मारलं. जपून मारलं त्यानं, थेंब न थेंब कापडावर. मग दिवे गेले, मशीन घरघरलं, आणि पडदा असा उजळला म्हणून सांगू! बायांच्या तोंडून एकदम "आगं बाई!" निघालं. हिरॉइनीच्या नाकातली चमकी दिसत होती. लुगड्याचे काठ दिसत होते. मला इतका आनंद झाला की मी आक्काच्या मांडीवर फाडकन चापट मारली.

आक्का पडद्याकडं तोंड करून ताठ बसली होती. वाट बघत असल्यासारखी. थोड्या वेळानं ती मोठ्यानं म्हणाली, "धाकले, कवा मारनार गं पानी?"

मी बोलायच्या आत पलीकडची बाई, कामावरचीच, हसत खेकसली, "आगं मारलं की कवाच! डोळं फुटलं का तुझं?"

असं आपण दिवसातून दहादा म्हणतो. पोरानं भांडं सांडलं तरी म्हणतो. पण ते बोलून झाल्यावर त्या बाईनं आक्काच्या तोंडाकडं बघितलं आणि आपलं तोंड पदरानं दाबलं. पडद्यावर कुणीतरी नाचत होतं.

आक्कानं हात पुढं करून माझा हात चाचपला आणि धरून ठेवला. मग हळू म्हणाली, "मला वाटायचं, समद्यांना असंच दिसतंय."

पिक्चर संपेपर्यंत आम्ही तिथंच बसलो. उठून जायचं सुचलं नाही. त्या पिक्चरात काय होतं ते मला विचारू नका. घरी जाताना तिनं पदर धरला तेव्हा मी पावलं लहान टाकायला लागले. इतके दिवस ती मला धरून चालत होती आणि मी मिरवत होते.

घरात कळलं. आत्याबाई एकाएकी म्हाताऱ्या दिसायला लागल्या. त्या रात्री त्यांनीच उठून कंदिलाची वात वर केली, आणि काही उपयोग नाही असं बघून खाली करायलाही विसरल्या. थोरले दीर तापट माणूस. ते तिच्यावरच ओरडले, "आधी सांगाया काय झालं हुतं?" ती म्हणाली, "मलाच ठावं असतं तर सांगितलं असतं की."

एसटीनं आम्ही तिला नगरला नेलं. मी, दीर आणि ती. डोळ्यांच्या डॉक्टरनं अंधाऱ्या खोलीत बसवून बॅटरीचा उजेड पाडून बराच वेळ बघितलं. मग बाहेर येऊन म्हणाला, काचबिंदू. डोळ्यांच्या शिरा वाळत चालल्यात. गेली ती नजर परत येत नाही. राहिलेली टिकावी म्हणून थेंब देतो, पण आशा धरू नका. आक्का आतून सगळं ऐकत होती. तिनं तिथूनच विचारलं, "डाक्टर, पिक्चर बघता येईल का?"

डॉक्टर हसला. चांगला माणूस होता, पैसेही फारसे घेतले नाहीत, पण हसला. ते हसणं मला अजून डाचतं. अरे बाबा, तुझ्यासमोर एक बाई आपल्या नजरेचं शेवटचं माप मागतेय, आणि तू हसतोस?

परतीच्या एसटीत मी मनाशी ठरवलं. अजून थोडं दिसतंय तोवर हिला पडद्याच्या पुढच्या बाजूला न्यायचं. तिथं पाण्याची भानगड नाही. ती मशीनकडं पाठ करून, पडद्याला नाक लावून बसली तरी चालेल, पण एकदा बघेल. घरी आल्यावर दिरांना मी पदर सावरून, खाली बघून सांगितलं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोर इतकं बोलले. ते म्हणाले, "गड्यांच्या मधी बसवू तिला? लोक शेण घालत्याल तोंडात." माझे मालक शेजारीच बसले होते. त्यांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. ते जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिले. दोघे भाऊ वाईट नव्हते हो. पण वाईट नसून काय चाटायचंय?

तरी मी सोडलं नाही. रोज मागं लागले. दीर रोज म्हणायचे, बघू. त्या 'बघू'मध्ये दिवस गेले, आणि एक दिवस कामावरून येताना बघते तर बाजारतळ मोकळा. तंबू गेला होता. पाण्यावाचून त्यांचंही चालेना म्हणून घाट उतरून गेले, असं कुणीतरी सांगितलं. जमिनीत मेखांची भोकं तेवढी राहिली होती.

आक्का माझ्याबरोबर होती. दिवस होता, तेव्हा दिवसाचं तिला थोडंफार दिसायचं. तिनं विचारलं, "गडी लोक कुठल्या अंगाला बसायचं गं?" मी दाखवलं. ती तिकडं गेली, डोक्यावरची पाटी खाली ठेवली, आणि मातीत बसून जिथं पडदा असायचा तिकडं तोंड केलं. मी म्हटलं, चल आक्का, लोक बघतायत. ती म्हणाली, "थांब की. एवढी कसली घाई हाय?" मी उभी राहून रडले. तिला दिसत नव्हतं म्हणून मोकळेपणी रडले.

पुढं पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं, ज्वारी कमरेला लागली. डोळ्यात थेंब घालायचं काम माझं होतं. मी एक दिवस चुकवला नाही. काही फरक पडला नाही. आधी तिची रात्र गेली, मग दिवेलागण गेली, मग दुपारसुद्धा गेली. ती जात्यावर बसायची, माझी पोरं सांभाळायची, हातानं चाचपून भाजी निवडायची. वात वर करायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं. घरात कंदील आता व्यवस्थित जळायचा, काच स्वच्छ राहायची, आणि सकाळी ती पुसताना मला तिचा राग यायचा. काचेचा. त्या स्वच्छपणाचा.

तंबू पुन्हा आला तेव्हा तिला उजेड-अंधारसुद्धा कळत नव्हता. भोंगा वाजला. मी चुलीपुढं बसून राहिले, ऐकू न आल्यासारखी. तर थोरले दीर दारात येऊन उभे. आक्काला म्हणाले, "चल, ऊठ." आणि मला म्हणाले, "तूबी चल."

त्यांनी तिचा हात धरला आणि बाजारतळापर्यंत नेलं. नवरा-बायकोनं असं हात धरून चालायची तेव्हा पद्धत नव्हती. बायांच्या दाराशी मी वळले, तर ते सरळ गड्यांच्या दाराकडं गेले. मी मागोमाग. कुणी अडवलं नाही. तंबूच्या मालकानं मफलर सारखा केला आणि वाट दिली. गडी सरकून बसले, एकानं तर आपली घोंगडी अंथरली. आंधळ्या बाईला कोण अडवणार? मला संताप येतो तो याचाच. डोळस होती तेव्हा तिला तिथं जागा नव्हती.

अगदी पुढं, पडद्याखाली आम्ही बसलो. मशीन सुरू झालं. माझ्याही आयुष्यात पहिल्यांदाच मी पिक्चर पुढून बघत होते. अक्षरं सुलटी. वाचता येणारी. आणि उजेड इतका की आक्काच्या तोंडावर, तिच्या उघड्या डोळ्यांवर रंग हलत होते. दीर पडद्याकडं बघतच नव्हते.

आक्कानं माझ्याकडं मान कलती केली. "धाकले, सुलटं हाय का?"

"हाय आक्का. उजव्या हातानं जेवतोय."

"आन् उजेड?"

"लख्ख हाय."

"पानी न मारता?"

"व्हय. इकडनं पानी लागतच न्हाई."

तिनं तोंड पुन्हा पडद्याकडं केलं. मग म्हणाली, "बघ की. उगाच बायांचं प्यायचं पानी नासलं आपन."